वजन उतरवताना कॉफी: कप कसा भरायचा आणि कधी प्यायचा

वजन कमी करायचं ठरलं की खान्देशातल्या बऱ्याच घरांत पहिला बदल होतो तो चहाच्या पातेल्यात. चहा बंद, कॉफी सुरू. कुणीतरी सांगितलेलं असतं की कॉफीने चरबी जळते. सांगणारा अगदीच चुकीचं बोलत नसतो, पण तो ज्या कॉफीबद्दल बोलतो ती पाण्यातली, बिनसाखरेची असते. आपल्याकडे कॉफी म्हणजे म्हशीचं सायीसकट दूध, पाण्याचा थेंबही नाही, वर दोन चमचे साखर आणि सोबत टोस्ट किंवा खारी. या दोन पेयांचं नाव एक असलं तरी वजनाच्या हिशेबात ती एकमेकांच्या उलट वागतात.

आधी कॉफीतलं उत्तेजक द्रव्य, म्हणजे कॅफिन, नेमकं किती जाळतं ते पाहू. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 100 मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यानंतर शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च पुढचे अडीच तास 3 ते 4 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ऐकायला बरं वाटतं. आता ते कॅलरीत मांडा. नुसतं पडून राहिलं तरी ज्या बाईचं शरीर दिवसाला 1400 कॅलरी खर्च करतं, तिचे अडीच तासांचे होतात साधारण 146. त्याचे 4 टक्के म्हणजे 6 कॅलरी. आणि साखरेचा एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, 20 कॅलरीचा. एका कपाने जेवढं जाळलं त्याच्या तिपटीहून जास्त त्या एका चमच्याने परत आणलं. शिवाय रोज पिणाऱ्याच्या शरीराला कॅफिनची सवय होते आणि ही छोटीशी वाढही हळूहळू बोथट होत जाते.

मग कॉफीचा उपयोगच नाही का? आहे. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या गटांची अनेक वर्षांची माहिती 2023 मध्ये तपासली गेली. ज्यांनी बिनसाखरेची कॉफी रोज एक कप वाढवली त्यांचं वजन चार वर्षांत 0.12 किलोने कमी वाढलं. ज्यांचा साखरेचा रोजचा एक चमचा वाढला त्यांचं 0.09 किलोने जास्त वाढलं. म्हणजे एका चमच्याने कपाचा बराचसा फायदा खाऊन टाकला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की कॅफिन काढलेल्या कॉफीतही तेवढाच फरक दिसला. तेव्हा सगळं श्रेय ‘चरबी जाळणाऱ्या’ कॅफिनला देता येत नाही. बिनसाखरेची कॉफी बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी गोड पेयाची जागा घेते, हे जास्त पटण्यासारखं आहे.

तुमचा आत्ताचा कप मोजा

काहीही बदलण्याआधी एक दिवस नेहमीसारखीच कॉफी करा, फक्त मोजून. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा आणि नेहमी भरता तितकं पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. बशीबरोबरचा जुना कप 90 ते 120 मिलिलिटरचा निघतो, भेट म्हणून मिळालेला मग 250 ते 300 चा. ‘मी दोनच कप पितो’ म्हणणाऱ्याचे दोन मग म्हणजे खरे पाच कप असू शकतात.

साखरेचंही तसंच. चमचा डब्यात बुडवून शिगोशीग काढला तर त्यात 8 ग्रॅमपर्यंत साखर येते. सपाट केला तर 5. दोन चमचे म्हणताना तुम्ही 10 ग्रॅम घालता की 16, हे काट्याशिवाय कळत नाही.

दुधाचा फरक सगळ्यात मोठा. 100 मिलिलिटर म्हशीच्या दुधात साधारण 105 ते 110 कॅलरी, गाईच्या दुधात 65 ते 70, टोन्ड पिशवीत 60 च्या आसपास आणि डबल टोन्डमध्ये 45 ते 50. आता 150 मिलिलिटर म्हशीच्या दुधाची कॉफी घ्या: दुधाच्या 160, दोन सपाट चमचे साखरेच्या 40, एकूण 200 कॅलरी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीतही तेवढ्याच असतात. दिवसाला असे तीन कप म्हणजे तीन भाकरी, आणि त्या जेवणात कुणी धरत नाही. पोटालाही त्या भाकरीसारख्या कळत नाहीत, कारण पातळ पदार्थाने पोट भरल्याची भावना कमी येते.

कप असा भरा

एका कपाला इन्स्टंट कॉफीचा एक सपाट चमचा, म्हणजे दीड ते दोन ग्रॅम. पावडर कपात घालून आधी एक मोठा चमचा साधं, गार पाणी टाका आणि गाठी मोडेपर्यंत चोळून घ्या. दुसरीकडे 120 मिलिलिटर पाणी उकळा, गॅस बंद करा आणि एक मिनिट थांबा. मग ते ओता. कोरड्या पावडरवर खळखळतं पाणी पडलं की गुठळ्या होतात, चव उग्र लागते आणि मग ती झाकायला हात साखरेकडे जातो. पुष्कळांना कडू लागते ती कॉफी नसून ही घाई असते.

आता 30 मिलिलिटर गरम दूध, म्हणजे दोन मोठे चमचे. जायफळ किसणीवर दोनदाच घासा, अर्ध्या वेलदोड्याची पूड घाला. आपल्या आजी-आईच्या कॉफीत जायफळ-वेलची असायचीच, आणि वजन उतरवताना तर ती फार कामाची आहे: वासामुळे कॉफी गोड असल्यासारखी वाटते, साखर कमी लागते. दोन्ही शेवटी घालायची, उकळायची नाहीत, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जातो. जायफळ मात्र चिमटीच्या आतच ठेवा, जास्त झालं तर ते बाधतं. कडूपणा तरीही टोचत असेल तर मिठाचे चार-पाच कण टाका. खारट लागत नाही, पण कडवटपणा दबतो.

असा कप म्हशीच्या दुधाचा असला तरी 35 ते 40 कॅलरीत बसतो, डबल टोन्डचा 20 मध्ये. निव्वळ ब्लॅक कॉफी 2 ते 5 कॅलरीची.

रतीबाचं म्हशीचं दूधच घरी येत असेल आणि ते बदलायचं नसेल, तर साय काढा. दूध तापवून, जाळीखाली पूर्ण गार करून किमान आठ तास फ्रिजमध्ये ठेवा. साय जाड पापुद्र्यासारखी जमते, ती झाऱ्याने एका बाजूने सैल करून अख्खी उचला. पुन्हा तापवून, पुन्हा गार करून दुसऱ्यांदा काढा. गरम असताना चमच्याने काढायला गेलात तर साय मोडून दुधातच विरते आणि मेहनत फुकट जाते. त्या सायीचं तूप भाकरीवर किंवा बट्टीवर तुमच्याच ताटात आलं, तर हिशेब होता तिथेच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

दूध कमी केलं की त्यातलं प्रथिन आणि कॅल्शियमही कमी होतं. दिवसाचं 450 मिलिलिटर दूध 90 वर आणलं तर 12 ते 13 ग्रॅम प्रथिन गेलं. ते भरून काढा, नाहीतर वजनाबरोबर स्नायूही झिजतात. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, ताक-दही, घट्ट वरण यांत ते भागतं. 50 ग्रॅम तूरडाळीतून साधारण 11 ग्रॅम प्रथिन मिळतं.

साखर एकदम नाही, डबीने उतरवा

साखर एका दिवसात बंद करणारे बहुतेक आठवड्याभरात परत दोन चमच्यांवर येतात. जिभेला वेळ द्या. समजा रोज दोन कप, कपाला दोन चमचे. पाच दिवसांची साखर होते 100 ग्रॅम. ती स्वतःच्या वेगळ्या डबीत मोजून भरा. पुढच्या पाच दिवसांना 87 ग्रॅम, मग 75, मग 62, मग 50. कपामागे दर वेळी फक्त पाव चमचा उतरतो, जिभेला तो फारसा जाणवत नाही, आणि चाळीस दिवसांत डबी रिकामी होते. डबी चौथ्या दिवशीच संपली तर पाचव्या दिवशी बिनसाखरेची प्यायची. घरच्या मोठ्या डब्यातून उसनी घेतली की हा उपाय संपला.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर कॅलरी फारशा वाचत नाहीत. गूळ ग्रॅमला साखरेच्या जवळपासच आहे, मध थोडा कमी पण चमच्यात तो जड भरतो. बिनकॅलरीच्या गोड गोळ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सल्ला दिला: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नका. आमचंही मत तेच. गोडाची सवय तशीच राहिली तर ती कुठेतरी दुसरीकडे वसूल होते.

पाहुणचाराचं काय, हा आपल्याकडचा खरा अडसर. कुणाच्या घरी नको म्हणणं जमत नाही आणि जमवूही नये. पण साखर कपात नाही, पातेल्यात पडते, म्हणून कप हातात आल्यावर बोलून उपयोग नाही. दाराशीच सांगायचं: “वहिनी, माझी कॉफी साखर टाकायच्या आधी काढून घ्या, आणि अर्धा कपच.” एकदा सांगितलं की पुढच्या वेळी त्या स्वतःच वेगळी काढतात.

दिवसात किती आणि कोणत्या वेळी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारसूचनांत कॅफिनची मर्यादा दिवसाला 300 मिलिग्रॅम दिली आहे. त्याच सूचनांप्रमाणे 150 मिलिलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120, इन्स्टंटमध्ये 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं. चहाही यात धरायचा, हे बहुतेक जण विसरतात. शेतात, दुकानात, नातेवाइकांकडे मिळून चार चहा झाले असतील तर वर तीन कॉफी बसत नाहीत. पाकिटावर चिकोरीचं प्रमाणही वाचा. चिकोरीत कॅफिन नसतं. 30 टक्के चिकोरीच्या पावडरचा चमचा त्या मानाने सौम्य. ‘थ्री-इन-वन’ म्हणून मिळणाऱ्या तयार पुड्यांत मात्र साखर आणि दुधाची भुकटीच जास्त असते, त्या बाजूलाच ठेवा.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी कॉफी निघण्याआधी 45 मिनिटे ते तासभर घ्यावी, रक्तातलं कॅफिन तोवर वर येतं. खेळाडूंवरच्या प्रयोगांत वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम वगैरे मात्रा वापरतात, म्हणजे 70 किलोला 210. फिरण्यासाठी इतकी घ्यायची काही गरज नाही, एक कप पुरे. 70 किलोचा माणूस 45 मिनिटं झपझप चालला तर 180 च्या आसपास कॅलरी जातात. कपाच्या त्या 6 कॅलरींपुढे हे ठेवून पाहा: कॉफी जर तुम्हाला पहाटे उठवून घराबाहेर काढत असेल आणि शेवटचे दहा मिनिटं थकू देत नसेल, तर तिचं खरं काम तेच आहे. सोबत अर्धं किंवा छोटं केळं चालेल. आपल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात त्याची कमी नाही.

एप्रिल-मे मध्ये मात्र क्रम बदला. जळगाव-भुसावळला पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा उठल्याबरोबर आधी दोन पेले पाणी, मग कॉफी, आणि सातच्या आत घरी परत. कॉफीतलं पाणी शरीराला मिळतंच, पण ती पाण्याची जागा घेऊ शकत नाही. कॉफीनंतर लघवी-शौच होऊन काटा अर्धा किलो खाली दिसला तर ती चरबी नव्हे.

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर कॉफी घेऊ नका. कॉफीतली पॉलिफेनॉल संयुगं धान्य-भाज्यांतलं लोह बांधून ठेवतात. कळण्याची भाकरी, मेथी, डाळ यांतून येणारं लोह तसंही कमी शोषलं जातं, त्यात बायकांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं. आहारसूचना जेवणाआधी-नंतर किमान तासाचं अंतर सांगतात. जेवणानंतरचं अंतर आम्ही दीड-दोन तास ठेवा म्हणू, कारण अन्न तोवर पोटातच असतं. आधीच्या तासातली कॉफी तितकी आड येत नाही. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे तासभर कॉफी नाही, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

दिवसाचा शेवटचा कप दुपारी दोन-तीनच्या आत. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत जवळपास दुप्पट. 2013 च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाहून अधिक कमी केली. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती भूक तळलेलं-गोड मागते. ‘मला रात्री कॉफी पिऊनही झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांची झोप लागते खरी, पण ती उथळ असू शकते. भुसावळच्या रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ बाजूला ठेवून झोपेपासून उलटं मोजावं: पाळीच्या पहिल्या निम्म्यात कॉफी, नंतर फक्त पाणी.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते जेवणाच्या जागी कॉफी पिण्याने. दुपारी भाकरी टाळून दोन ब्लॅक कॉफी घेतल्या की भूक थोडा वेळ दबते, पण जात नाही. ती संध्याकाळी शेवभाजीच्या तर्रीवर आणि चार पोळ्यांवर निघते. कॉफी दोन जेवणांच्या मध्ये ठेवा, जेवण जसंच्या तसं राहू द्या.

दुसरं, सोबतचं खाणं. टोस्ट एक 40 कॅलरीचा, दोन खाऱ्या 120 च्या घरात, मूठभर शेव किंवा केळीचे वेफर्स 30 ग्रॅमला 150 ते 170. बिनसाखरेच्या कपासोबत ही बशी आली तर वाचवलेलं सगळं तिथे गेलं. कोल्ड कॉफीला तर पेय म्हणूच नये: मोठा ग्लास दूध, चार चमचे साखर, वर आइस्क्रीमचा गोळा, मिळून 350 ते 400 कॅलरी.

उपाशीपोटी जळजळत असेल तर कप अर्धा करा आणि न्याहारीनंतर दीड-दोन तासांनी घ्या. आदल्या रात्रीचा झणझणीत ठेचा आणि सकाळची कोरी कॉफी ही जोडी पुष्कळांना सोसत नाही. लिंबू पिळून कॉफी प्यायल्याने पोटाची चरबी जाते याला आधार नाही, आम्लता मात्र वाढू शकते. कॉफीत मोठा चमचाभर तूप घालायचं खूळही आहे: 15 ग्रॅम तूप म्हणजे 130 कॅलरी, त्या कुठे जाणार? हिरव्या कॉफीच्या गोळ्यांचंही तसंच. ज्या 2012 च्या शोधनिबंधावर त्यांची जाहिरात उभी राहिली तो अवघ्या 16 जणांवरचा होता आणि 2014 मध्ये तो मागे घेतला गेला, कारण त्यातल्या माहितीची खात्री देता येत नव्हती.

कॉफी एकदम बंद केली तर 12 ते 24 तासांत डोकं ठणकायला लागतं, आणि ते दोन ते नऊ दिवस चालू शकतं. डोकेदुखीला घाबरून माणूस परत गोड कॉफीकडे जातो. म्हणून प्रमाण कमी करायचं तर दर तीन दिवसांनी अर्धा कप कमी, असं उतरत या.

गर्भवतींनी दिवसाचं कॅफिन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, इन्स्टंटचे दोन कप त्यात सहज बसतात, आणि वजन उतरवण्याचा विचार तेव्हा करूच नये. छातीत धडधड, न आवरणारा रक्तदाब, पॅनिकचा त्रास किंवा जुनी आम्लपित्ताची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहींनी कॉफी सुरू केल्यावर आठवडाभर जेवणानंतरची साखर मोजून पाहावी, कॅफिनने ती तात्पुरती वर जाऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक औषध चालू असताना कॅफिन शरीरात रेंगाळतं, तेवढे दिवस कप कमी करा.

परिणाम पाहायचा तर रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी वजन लिहा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एकेका दिवसाचा आकडा मिठाने आणि पाण्याने वर-खाली होतो. बेंबीच्या पातळीवर कंबरही मोजा: पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. 200 कॅलरीचे तीन कप 35-40 वर आणलेत तर दिवसाला 480 च्या आसपास वाचतात, महिन्याला कागदावर 14,000 हून जास्त. किलोभर चरबीला साधारण 7,700 कॅलरी धरतात, पण शरीर थोडी भरपाई करून घेतं, म्हणून महिन्याला किलोभर उतरलं तरी छान झालं समजा. चार आठवड्यांत सरासरी हललीच नाही तर कॉफी आणखी कडू करत बसू नका. कप आता ठीक आहे, मोजायचा राहिलाय तो तेलाचा डबा. शेंगदाण्याच्या तेलाच्या 15 मिलिलिटरच्या पळीत 120 ते 125 कॅलरी असतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला डबा भरा, संपला तो दिवस कॅलेंडरवर लिहा आणि डब्यातल्या तेलाला तेवढ्या दिवसांनी आणि घरातल्या माणसांनी भागा, म्हणजे माणशी रोजचं तेल कळेल.